कळवल्याची खूण

"अहो, तुम्हाला कळवलेलं आहे की," संशोधन संस्थेतली नोंदी सांभाळणारी बाई म्हणाली आणि तिने ते जाडजूड रजिस्टर टेबलावरून फिरवून बेबीच्या पुढ्यात सरकवलं. "ही बघा खूण. ही तारीख. खाली सहीसुद्धा आहे."

एकेचाळिसाव्या वर्षीही तिला सगळे बेबीच म्हणत. आई म्हणायची, ताई म्हणते, धुलाईच्या दुकानातली मालकीण म्हणते आणि रफूला कपडे टाकणारी गिऱ्हाइकंही, नाव विचारायचं राहून गेल्यामुळे, बेबीबाई म्हणतात. बेबीबाईने मान डावीकडे कलती केली, उजवा डोळा मिटला आणि बाईच्या बोटापाशी पाहिलं. गेली दोन वर्षं तिला काही नीट वाचायचं असलं की असंच करावं लागत होतं. क्रमांक एकतीस. वय सत्तावीस. व्यवसाय, रफूकाम. मग आकड्यांच्या दोन रांगा, एक उजव्या डोळ्याची, एक डाव्याची. त्यापुढे एका शब्दात 'वगळले' आणि त्यापुढे कारण: उजव्या डोळ्यात शंकूचा संशय, डाव्यात सुरुवात. सगळ्यात शेवटचा रकाना अरुंद होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'संबंधितास कळवले'. त्यात एक बरोबरची खूण होती, शेपूट लांब ओढलेली, शेजारच्या ओळीत घुसलेली. ही शेपूट बेबी ओळखत होती. लहानपणी तिच्या गणिताच्या वहीत ताई अशाच खुणा करायची आणि शेपटीच्या लांबीवरून बेबीला कळायचं, ताई आज खूश आहे की नाही.

"म्हणजे माझे डोळे यात नाहीत?" तिने विचारलं. बाई जरा गोंधळली. वगळल्याचं कारण डोळ्यांसमोर लिहिलेलं असताना माणूस हे कसलं विचारतंय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "कसे असतील? निरोगी डोळ्यांचाच अभ्यास होता ना तो. तिघांना वगळलं होतं. तिघांनाही कळवलंय." आणि मग, समजूत घातल्यासारखी, "चौदा वर्षं झाली. विसरला असाल," म्हणाली.

माणूस छत्री विसरतो, सासरच्या कुणाचा तरी वाढदिवस विसरतो. बेबीने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून त्या पानाची आणि आतल्या, डोळ्यांच्या रंगीत नकाशांची प्रत काढून मागितली. यंत्राच्या काचेखालून उजेडाची पट्टी सरकत गेली. त्या पट्टीच्या कडेला आजकाल तिला दिसायची तशीच एक पुसट, खाली ओघळलेली दुसरी पट्टी होती. सगळ्याच उजेडाला हल्ली अशी झालर असे.

ताईचा तो अभ्यास घरात सगळ्यांना तोंडपाठ होता, इतकी वर्षं तो जेवताना, झोपताना, आईचे पाय चेपतानासुद्धा ऐकलेला. निरोगी माणसाचा डोळा सरासरी किती चांगला असतो, हे एका सूत्रात बसवायचं होतं. डोळ्यात उजेडाचा बारीक किरण सोडायचा. आतून परत येताना तो शेकडो चिमुकल्या भिंगांमधून बाहेर पडतो आणि त्याचे ठिपके उमटतात. डोळा बिनचूक असता तर ठिपके शिस्तीत जाळीसारखे बसले असते, पण बिनचूक डोळा देवाने कुणालाच दिलेला नाही, ताई म्हणायची. कुठला ठिपका किती सरकला ते मोजायचं. शेकडो माणसं मोजायची, त्यांची सरासरी काढायची, की मग सांगता येतं, अमुक वयाच्या, बाहुली अमुक एवढी उघडलेल्या धडधाकट डोळ्याला किती बारीक रेघ किती ठळक दिसावी. माणसं कमी पडली तेव्हा ताईने बहिणीला नेलं होतं. बेबीने कामावर अर्धा दिवस दांडी मारली होती. हनुवटी टेकव, कपाळ लाव, पापणी लववू नकोस. आत एक लाल ठिपका होता आणि ताईचा श्वास यंत्राच्या पलीकडून ऐकू येत होता. उजव्या डोळ्याचं मोजमाप ताईने तीनदा घेतलं होतं. "हललीस तू," असं दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही.

त्याच संध्याकाळी ताई घरी आली होती. हे बेबीला लख्ख आठवत होतं, कारण त्या दिवशी आई न्हाणीघरात पडली होती आणि दोघींनी मिळून तिला उचलून पलंगावर ठेवली होती. आईला झोप लागल्यावर ताई दाराशी बराच वेळ उभी राहिली, चपला घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. बेबीनेच विचारलं, "काय गं, माझे डोळे कसे निघाले?" आणि ताई म्हणाली, "तुझे डोळे ना बेबी, लाखात एक आहेत." एवढंच. पण बेबीने ते वाक्य जपून ठेवलं. तिला शिक्षणात कधी कुणी लाखात एक म्हटलं नव्हतं. शाळा सुटली होती ती आईच्या आजारपणामुळे, आणि हात होता, नजर होती, म्हणून रफूकडे वळली. आपण पुस्तकात नाही पण आपले डोळे आहेत, तिकडे परदेशातल्या प्राध्यापकांनी वाचलेल्या कागदात आपलेही दोन ठिपके सरासरीत मिसळलेत, हे ती गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची. "बेबीबाई, दिसतं कसं हो तुम्हाला एवढं?" असं कुणी म्हटलं की, "सरकारमान्य डोळे आहेत," म्हणायची. चौदा वर्षं तिने हा विनोद केला. चौदा वर्षांत तो विनोद किती जणांना ऐकवला, याचा संस्थेच्या पायवाटेवरून चालताना तिला अंदाज येईना, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तसं पाहिलं तर सगळं एका काळ्या कोटापासून सुरू झालं होतं. काळ्या कापडाचं रफू म्हणजे कसोटी. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे, खिडकीशी बसायचं आणि उभ्यात आडवा, आडव्यात उभा, एकेक धागा असा विणायचा की भोक होतं कुठे ते भोक पाडणाऱ्यालाही सापडू नये. दोन वर्षांपूर्वी तिला काळ्यात एकाचे दोन धागे दिसायला लागले. खरा वरचा आणि त्याच्या खाली त्याची सावली. कधी ती सावलीतच सुई घालून बसायची. चष्मा बदलला, पुन्हा बदलला, चष्म्याचा दुकानदार म्हणाला, वय झालं बाई. आणि मग एक दिवस कोट परत आला. गिऱ्हाईक भला माणूस होता, आवाज चढवला नाही, नुसतं बोट ठेवलं. "इथे दिसतंय." वीस वर्षांत परत आलेला तो पहिला कपडा. मालकिणीने तो हँगरवर अडकवला आणि म्हणाली, "बेबी, मोठ्या डॉक्टरकडे जा. आणि तोवर पांढरंच कर."

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतोय. उजवा फार पुढे गेलाय, इतका पातळ झालाय की थांबवायचा उपायही त्याला आता सोसणार नाही. डावा वाचवता येईल, औषधाचे थेंब घालून दिव्याखाली धरायचं, की पडदा घट्ट होतो आणि जिथे आहे तिथे थांबतो. "गेलेलं परत येत नाही, फक्त पुढे जाणं थांबतं. म्हणून लवकर कळावं लागतं हो हे. पूर्वी कधी नकाशा काढला होता डोळ्यांचा?" बेबी जवळजवळ अभिमानाने म्हणाली होती, "हो तर. माझ्या बहिणीनेच. निरोगी म्हणून." बाई म्हणाल्या, "मग उत्तम. तो आणा. किती वेगाने वाढलंय ते कळेल." बेबीने ताईला फोन केला. ताई आता दुसऱ्या, मोठ्या संस्थेत विभागप्रमुख होती. ताई म्हणाली, "एवढे जुने कागद आता कुठे असणार? तू कशाला हेलपाटे घालतेस? मी बघते." पंधरा दिवस झाले तरी ताईचं बघणं होईना. आज दुकानाला पाणी नव्हतं, दुपार मोकळी मिळाली, म्हणून बेबी आपली आपणच गेली. ताईला तेवढाच त्रास नको, असं मनात म्हणून गेली.

ताईच्या इमारतीपर्यंत ती चालत आली. वाटेत तिने ताईची बाजू घेऊन पाहिली. तिची ती जुनी सवय होती, आईपुढे ताईची बाजू कायम तीच मांडायची. खूण चुकून झाली असेल. तीन नावं होती, तिन्हींपुढे एका झटक्यात खुणा ओढल्या असतील. सांगायला आली असेल, आई पडलेली पाहिली, राहून गेलं असेल. राहून जातं. दुसऱ्या दिवशी राहून गेलं असेल. चौथ्या मजल्यापर्यंत तिने चौदा वर्षं अशीच एकेक करून माफ करत आणली आणि दार वाजवलं.

भाचीने दार उघडलं. सोळा वर्षांची, उंच, परीक्षेचा अभ्यास मांडून बसलेली. "आई यायचीय अजून. मावशी, बस ना. पाणी देऊ?" पाणी देताना तिची नजर कागदांवर गेली. "अय्या, तुझ्याकडेपण आहेत हे? मला वाटलं फक्त माझेच काढते ती." बेबीला समजलं नाही. भाचीने कपाटातून एक निळी फाईल आणली आणि मांडीवर उघडली. गोल रंगीत नकाशे, हिरवे, एका पानावर दोन, उजवा-डावा. प्रत्येकावर तारीख. भाचीच्या नवव्या वाढदिवसाच्या आठवड्यातली पहिली, आणि मग दर वर्षी एक. "वैताग आहे नुसता," भाची म्हणाली. "वाढदिवस झाला की चल मशीनवर. सगळ्या मैत्रिणी सिनेमाला आणि मी हनुवटी टेकवून."

"कशासाठी गं?"

"आपल्या घरात आहे ना ते. तुझ्या डोळ्यांत आहे म्हणून. आई म्हणते, मावशीकडून येऊ शकतं, लवकर कळलं तर काही होत नाही. म्हणून तर डोळे चोळू देत नाही मला. चोळले की ते वाढतं ना. केवढ्यांदा हातावर फटका मारते!" आणि मग मावशीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "तुला माहितीये ना, मावशी?"

बेबीने पाण्याचा पेला खाली ठेवला. टेबलाची कड तिला दोन ठिकाणी दिसत होती, तिने बोटाने चाचपून खरी कड शोधली आणि मग ठेवला. दिवसभर खिडकीशी बसून डोळे चुरचुरायचे. काम संपलं की दोन्ही तळहातांनी ते जोराने चोळायचे, हे तिचं दिवसातलं एक सुख होतं. वीस वर्षांचं सुख. एकदा, आईच्या शेवटच्या दिवसांत, दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि ती अशीच डोळे चोळत होती, तेव्हा ताईने पलंगावरून ओणवं होऊन तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "चोळू नकोस." का, म्हणून विचारलं, तर ताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सुरकुत्या पडतात." आई मरत होती आणि ताईला बहिणीच्या सुरकुत्यांची काळजी, म्हणून बेबीला तेव्हा भरून आलं होतं. आता तिला ते मनगट आठवलं, त्यावरची ताईची बोटं आठवली, आणि राग यायच्या ऐवजी नुसता तोल गेल्यासारखं वाटलं, पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि नसावी तसं. विसरली नव्हती ताई. एक दिवससुद्धा विसरली नव्हती.

"माहितीये," ती भाचीला म्हणाली. "तू अभ्यास कर."

ताई आली तेव्हा उन्हं कलली होती. तिने दारातच सगळं पाहिलं, टेबलावरची प्रत, उघडी निळी फाईल, पुस्तकात डोकं खुपसून न वाचणारी मुलगी. "तू आत जा," ती मुलीला म्हणाली. मग पर्स खुंटीला अडकवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, समोर बसली. चहा करू का, असं नेहमीसारखं विचारलं नाही. बेबीला ते त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"खूण कधी केलीस?" बेबीने विचारलं. "सांगायला निघायच्या आधी, की न सांगायचं ठरल्यावर?"

"आधी," ताई म्हणाली. "देवाशपथ आधी. कागद त्याच दिवशी पुरे करायचे होते. सांगायलाच आले होते गं मी."

"मग?"

"आई पडली होती."

"आई त्या दिवशी पडली. दुसऱ्या दिवशी नव्हती पडली."

ताईने टेबलावरच्या प्रतीचा कोपरा दुमडला, सरळ केला. "मला दोन वर्षं बाहेर जायचं होतं. पत्र आलं होतं, तुला आठवतंय, तूच वाचून दाखवलं होतंस आईला. तुला सांगितलं असतं तर तू सुई खाली ठेवली असतीस. ठेवायलाच हवी होतीस. मग आईचं कुणी केलं असतं, घर कशावर चाललं असतं? मी जाऊच शकले नसते. मला वाटलं, दोन वर्षं. असं हळूहळू वाढतं ते, बऱ्याच जणांचं वाढतसुद्धा नाही. आल्याबरोबर सांगायचं. आले, तर तू ते काळं रफू करून दाखवलंस, ते बारीक, मला भिंगातून सापडेना. मी म्हटलं, नसेलच काही. माझंच मोजमाप चुकलं असेल."

"आणि पोरीला नवव्या वर्षापासून मशीनवर बसवलीस. चुकलेल्या मोजमापावर."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खूण खोडायची तरी होतीस," बेबी म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, एवढ्या सगळ्यातून तिला ती खूणच सलत होती. डोळा गेला ते गेला, पण कुठल्याशा कपाटात चौदा वर्षं लिहून ठेवलेलं होतं की हिला कळवलंय. ती दुकानात बसून विनोद करत होती तेव्हा कागदावरची बेबी सगळं जाणून होती.

"खोडली असती तर कारण लिहावं लागलं असतं," ताई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग रडली. बेबीने ताईला यापूर्वी एकदाच रडताना पाहिलं होतं, वडील गेले तेव्हा, आणि तेव्हा लहान असूनही तिनेच ताईला कुशीत घेतलं होतं. आताही तिचा हात उठला. हाताला कुणी काही सांगितलंच नव्हतं अजून. तिने तो परत घेतला, कागद गोळा केले, आणि डाव्या डोळ्याची तारीख ठरली आहे, एवढं सांगून निघाली. "मी रजा टाकते," ताई मागून म्हणाली. "मी येते बरोबर. तू नाही म्हणू नकोस." बेबी नाही म्हणाली.

तिने मालकिणीला सांगितलं. ठरल्या दिवशी मालकीण सकाळी दवाखान्यात आली, अर्जावर जवळच्या माणसाच्या जागी तिने आपलं नाव घातलं, आणि दुपारी न्यायला येते म्हणून दुकानात गेली. थेंब घातले. दर दोन मिनिटांनी थेंब, मग निळसर दिवा, त्याच्याकडे टक लावून बघायचं. डॉक्टरीणबाई मध्ये मध्ये बोलत होत्या, छान, हलू नका, संपत आलं. दुखत नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं आणि पडून राहिल्यावर मनाला दुसरं काम उरत नाही. तिने ठरवून टाकलं होतं की ताईचा विचार करायचा नाही, आणि तासभर तेवढाच केला. तोही दिवसाउजेडी, खिडकीशी बसल्यासारखा, एकेक धागा सुटा करत. दार उघडायला उशीर झाला की ताई किती ओरडायची. पहिल्या पगाराची साडी तिने आईला न घेता बेबीला घेतली होती. ते खरं होतं की नव्हतं? तेही चाचपून पाहायला हवं होतं आता, प्रत्येक गोष्ट उचलून, उलटी करून, मागची बाजू बघायला हवी होती, आणि मागच्या बाजू इतक्या होत्या की ती थकली.

डावा डोळा बांधून तिला बाहेर आणून बसवलं. उजव्याला तो व्हरांडा म्हणजे उजेडाचा चिखल होता. त्यातून कुणीतरी उठून उभं राहिलं. मालकीण बुटकी होती. ही आकृती उंच होती, तिच्या कडा खाली ओघळल्या होत्या, एकात दुसरी, दुसरीत तिसरी, आणि तरी पर्स धरण्याची तिची तऱ्हा बेबीला आंधळेपणीही ओळखता आली असती.

"मालकिणीने फोन केला मला," ताई म्हणाली. "दुकानात गर्दी झाली त्यांच्या. म्हणाल्या, सख्खी बहीण असताना... त्यांना काही माहीत नाही, बेबी. त्यांच्यावर चिडू नकोस."

"नाही चिडत."

"बाई म्हणाल्या, डावा चांगला राहील. होता तिथेच थांबेल."

"हं."

परिचारिकेने सांगितलं, सोबत कुणी असल्याशिवाय सोडता येत नाही, आणि औषधांची पिशवी ताईच्या हातात दिली. बेबी उठली. ताईने कोपर पुढे केलं. बेबीने ते थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग धरलं, कारण समोर जिना होता आणि तिला त्याची एकही कड दिसत नव्हती.

"किती पायऱ्या आहेत?" तिने विचारलं.

ताईने खाली वाकून पाहिलं. नीट मोजल्या. "अकरा."

त्या उतरायला लागल्या. ताई हळू, कानाशी, मोजत होती, एक, दोन, तीन, आणि बेबी मनात स्वतःच्या मोजत होती. दोघींचे आकडे एकमेकींशी जुळत होते. नऊ. दहा. अकरा. "झाल्या," ताई म्हणाली, "संपल्या गं, आता सपाट आहे."

बेबी थांबली. एका हाताने तिने कठडा धरला, आणि पाऊल पुढे करून, हळूच, बारावी पायरी आहे का, ते चाचपून पाहिलं.